दोन ग्लासांनंतर सुचणारे शब्द

पत्र: मी २३ वर्षांची आहे. मला जुळा भाऊ आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघंही नोकरीला लागलो आणि पार्ट्या सुरू झाल्या. मी लहानपणापासून अबोल. चार अनोळखी चेहरे दिसले की पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. दोन ग्लास घेतले की मात्र बोलायला सुचतं, लोक हसतातसुद्धा. गेले सहा महिने मी घरून निघतानाच एक ग्लास घेऊन निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी काल काय काय बोलले ते एकेक वाक्य आठवतं आणि जीव नकोसा होतो. भावाचं उलट. तो आठवडेच्या आठवडे दारूला हात लावत नाही, पण काही चांगलं घडलं, मॅच जिंकली, पगार झाला, की थांबतच नाही. दोनदा तर आपण घरी कसे आलो हेच त्याला आठवत नव्हतं. 'मला काही होत नाही, कपॅसिटी आहे' म्हणतो. आईबाबा म्हणतात, एका घरात, एका ताटात वाढलात तरी दोघांचं हे असं, म्हणजे स्वभावाचाच दोष. तसं असेल तर स्वभाव कुठे बदलतो? मी पूर्ण सोडू की मर्यादा ठेवू? आणि भावाशी काय बोलू? – अबोल

प्रिय अबोल,

आईबाबांचं अर्धं बरोबर आहे. स्वभावाचा संबंध आहे, दोषाचा नाही. स्वभाव आणि ग्लास यांच्या मधे एक तिसरी गोष्ट असते आणि तिचा विचार तुमच्या घरात अजून कुणी केलेला दिसत नाही. ती म्हणजे दारू आपल्याला काय देते याबद्दल तुम्ही दोघांनी मनाशी पक्की केलेली समजूत. स्वभाव सहजासहजी बदलत नाही हे खरं. समजूत मात्र तपासून पाहता येते आणि नीट तपासली की ती बरीच सैल होते. तुला जे काही करायला सांगणार आहे ते सगळं या तपासणीसाठीच आहे, म्हणून आधी ही समजूत तयार कशी होते ते बघू.

पहिला ग्लास पोटात गेला की एकाच वेळी बरंच काही होतं. अंग गरम वाटतं, जीभ किंचित जड होते, लक्ष समोरच्या एकाच गोष्टीवर खिळतं, पुढचामागचा विचार मंदावतो, थोड्या वेळाने सुस्ती येते. यातलं काय लक्षात राहणार हे स्वभाव ठरवतो. घाबरणाऱ्या माणसाला धास्ती उतरलेली जाणवते. थराराची ओढ असलेल्याला रंग चढलेला जाणवतो. पेय तेच, पण तुझ्या मनात नोंद होते 'दारूने बोलता येतं' आणि भावाच्या मनात 'दारूने मजा वाढते'. पुढच्या वेळी हात ग्लासाकडे जातो तो या नोंदीमुळे. मानसशास्त्रात याला दारूकडून असलेली अपेक्षा म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकेत सँड्रा ब्राउन, मार्क गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अपेक्षांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा लोकांची उत्तरं सहा गटांत पडली: एकंदर सगळंच छान वाटतं, मौज येते, शरीरसुख वाढतं, चारचौघांत धीटपणा येतो, ताण उतरतो, अंगात जोर येतो. तुझी अपेक्षा चौथ्या आणि पाचव्या गटातली आहे, भावाची पहिल्या दोन गटांतली. पुढे ग्रेगरी स्मिथ आणि क्रिस्टन अँडरसन यांनी २००१ मध्ये हे धागे जोडून दाखवले. स्वभाव माणसाला थेट प्यायला लावत नाही. दारूबद्दलचा अमुक एक धडा पटकन शिकायला तो माणसाला आधीच तयार करून ठेवतो आणि पिणं वाढतं ते त्या धड्यामुळे. एका ताटात जेवलेली दोन मुलं दोन वेगळे धडे कसे शिकली, या आईबाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

हा धडा किती ताकदवान असतो ते १९७३ च्या एका प्रयोगात दिसलं. अ‍ॅलन मार्लट आणि सहकाऱ्यांनी चव ओळखायच्या चाचणीचं निमित्त करून काहींना नुसतं टॉनिक वॉटर, म्हणजे कडसर चवीचा सोडा, दिलं आणि काहींना एक भाग व्होडका, पाच भाग टॉनिक असं मिश्रण दिलं. या प्रमाणात चवीवरून फरक कळत नाही. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना सांगितलं की यात व्होडका आहे, निम्म्यांना सांगितलं की नाही. कोण किती प्यायलं हे प्रत्यक्ष ग्लासात काय होतं यापेक्षा काय सांगितलं होतं यावर ठरलं. व्यसन लागलेल्या माणसांतही तेच घडलं.

तुझ्या दृष्टीने पुढचे दोन प्रयोग जास्त महत्त्वाचे. १९७७ मध्ये विल्सन आणि एब्रम्स यांनी याच रीतीने काही तरुणांना एका अनोळखी तरुणीशी बोलायला बसवलं आणि हृदयाचे ठोके मोजले. आपण दारू घेतली आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांची धडधड कमी होती, मग पोटात नुसतं टॉनिक असो. दोन वर्षांनी हाच प्रयोग स्त्रियांवर केला तेव्हा उलट झालं. आपण दारू घेतली आहे असं ज्या स्त्रियांना वाटत होतं त्या जास्त ताणात होत्या. पेय तेच आणि परीक्षाही तीच होती. फरक पडला तो 'प्यायल्यावर आपलं काय होतं' या मनातल्या चित्राने. सकाळी जे वाक्यन् वाक्य तू आठवत बसतेस ते याच दुसऱ्या चित्राचं काम असावं असं मला वाटतं. तुझ्या मनात दोन समजुती शेजारी शेजारी आहेत: 'दारूने मला बोलता येतं' आणि 'प्यायल्यावर मी काहीतरी चुकीचं बोलते'. रात्री पहिली वर असते, सकाळी दुसरी.

म्हणजे दारूचा परिणाम नुसता मनाचा खेळ असतो असं मात्र समजू नकोस. तोल, प्रतिक्रियेचा वेग, स्मरणशक्ती, झोप यांवरचा परिणाम खराखुरा रसायनाचा आहे आणि तो कुठल्याही समजुतीने टळत नाही. धीटपणा, विनोदबुद्धी, रंगत या गोष्टींत समजुतीचा वाटा फार मोठा असतो.

आता तुझी एक संध्याकाळ जवळून बघू. साडेसातला निघायचं आहे आणि सहापासून पोटात गोळा आहे. सव्वासातला ग्लास भरतेस, पहिला घोट घेतेस आणि दोन मिनिटांत खांदे सैल झाल्यासारखे वाटतात. दोन मिनिटांत एका घोटातली दारू रक्तात नावालाच उतरलेली असते. रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला ग्लास संपल्यावर साधारण अर्धा ते दीड तास लागतो. खांदे सैल झाले ते 'आता जमेल' या भरवशाने. आठला तू पोचतेस. अनोळखी माणसांत धास्ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त असते आणि माणूस तिथून निघून गेला नाही तर ती आपली आपण उतरायला लागते. ती उतरत असते नेमकी तेव्हा तुझ्या हातात दुसरा ग्लास असतो, म्हणून श्रेय ग्लासाला जातं. सहा महिन्यांत धास्तीला आपोआप उतरायची संधी तू एकदाही दिलेली नाहीस, म्हणून ती उतरते हे तुला माहीतच नाही. तुझं जे बिघडलं आहे ते एवढंच आहे आणि दुरुस्ती इथेच करायची आहे.

दारू इथे एक खरी गोष्ट मात्र करते. ती लक्ष अरुंद करते. अबोल माणसाचं निम्मं लक्ष स्वतःवर असतं: आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, आता पुढे काय बोलू. दोन ग्लासांनंतर दोन्हीकडे बघायची ताकद उरत नाही आणि लक्ष समोरच्या माणसावर जाऊन पडतं. शब्द सुचतात ते म्हणून. ते तुझेच असतात, ग्लासाने आणलेले नसतात. लक्ष बाहेर वळवायचं काम सरावाने न पिताही जमतं.

मग सकाळ. समज, एकूण तीन ग्लास झाले, म्हणजे साधारण ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं, म्हणजे चार ते सहा तासांचं काम. कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही. दारू मेंदूला शांत करते तेव्हा मेंदू तोल सांभाळण्यासाठी चेतवणारी यंत्रणा वाढवून ठेवतो. दारू उतरते, पण वाढवलेली यंत्रणा काही तास तशीच राहते. पहाटे चारला धडधडत जाग येते ती यामुळे. झोपेचा उत्तरार्ध तुटका होतो. या अवस्थेत कालचं कुठलंही वाक्य भयंकरच वाटणार. सकाळच्या त्या भीतीला कालच्या वागण्याचा पुरावा मानू नकोस. तिच्यातला मोठा भाग शरीराचा आहे.

आता करायचं काय. कशालाही हात घालण्याआधी एक गोष्ट तपास: न प्यायलेल्या दिवशी सकाळी हात थरथरतात का, दरदरून घाम येतो का, एक घोट घेतल्यावरच बरं वाटतं का? यातलं काहीही होत असेल तर अचानक सोडू नकोस, आधी डॉक्टरांना गाठ. शरीराला सवय लागलेली असताना एकदम बंद केलं तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि पुढे भ्रमाची अवस्थाही येऊ शकते. तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही, तरी खात्री करून घे. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची, ४० गुणांची चाचणी आहे, ती दोघांनीही स्वतंत्रपणे सोडवा. ८ किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायलाच हवं.

निघतानाचा ग्लास आजपासून बंद. बाकीचं पुढे ठरवू, पण हा आधी. कारण तो एकटीने, भीतीपोटी आणि बहुधा रिकाम्या पोटी घेतलेला असतो. पिण्याच्या कारणांवर लिन कूपर यांनी १९९४ मध्ये केलेली मांडणी आजही वापरली जाते. त्यात चार कारणं आहेत: मजा वाढावी म्हणून, चारचौघांत मिसळावं म्हणून, इतरांनी बाजूला टाकू नये म्हणून आणि मनाचा त्रास विसरावा म्हणून. यातलं शेवटचं सगळ्यात घातक. त्या कारणासाठी पिणाऱ्यांचं प्रमाण फार नसलं तरी पुढे अडचणी जास्त येतात, कारण मूळ त्रास तसाच राहतो आणि त्यावर दुसरा उपाय शिकला जात नाही. तुझे मित्रमैत्रिणींतले ग्लास आणि हा घरचा ग्लास, आकार एक असला तरी एका जातीचे नाहीत.

मग दोन आठवडे नुसती नोंद. फोनवर चालेल, कागदावर जास्त बरं. नोंद करायची ग्लास उचलण्याआधी. वेळ, 'यातून मला काय हवंय' हे एका वाक्यात आणि धास्ती ० ते १० मध्ये किती. वीस मिनिटांनी परत आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत आकडा. सोबत किती घेतली ते मिलिलिटरमध्ये. 'एक ग्लास' हे माप नाही. हिशोब असा: मिलिलिटर गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.८, म्हणजे ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलिलिटरचा कॅन १३ ग्रॅम. १२ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन १४ ग्रॅमच्या आसपास. ४० टक्क्यांची ६० मिलिलिटर व्हिस्की किंवा व्होडका १९ ग्रॅम. नोंद फसते ती ठरलेल्या जागी. घरचा पेला अंदाजाने भरला जातो, कुणीतरी अर्धवट ग्लास वरून भरून देतं ते मोजलं जात नाही, आणि सगळी नोंद दुसऱ्या दिवशी आठवून केली जाते. आठवून केलेली नोंद समजुतीच्या बाजूने झुकलेली असते, म्हणजे जी तपासायची तिच्याच हातात लेखणी. म्हणून 'काय हवंय' ते वाक्य आधी, अगदी पहिल्या घोटाच्या आधी लिहायचं.

त्यानंतर तीस दिवस पूर्ण बंद. पूर्ण सोडायचं की मर्यादा ठेवायची, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देणं घाईचं होईल. तुझ्याकडे न पिता घालवलेल्या संध्याकाळींचा एकही आकडा नाही. या तीस दिवसांत घरी बसून राहायचं नाही, पाच-सहा वेळा माणसांत जायचं. दरवेळी आदल्या दिवशी भाकीत लिही आणि ते मोजता येईल असं लिही. 'वाईट जाईल' असं नको. 'पहिल्या अर्ध्या तासात मला तीन वाक्यंही बोलता येणार नाहीत', 'किमान दोघं विचारतील की तू आज गप्प का', असं हवं. परत आल्यावर त्या भाकितासमोर प्रत्यक्षात काय झालं ते लिही.

जाताना काही गोष्टी पाळ. सगळ्यात मोठ्या पार्टीपासून सुरुवात करू नकोस, आधी चार-सहा माणसांची बैठक निवड. उशिरा जाऊ नकोस. अबोल माणसं गर्दीत मिसळून जाता यावं म्हणून उशिरा जातात, आणि तोवर घोळके झालेले असतात, त्यात शिरणं दुप्पट अवघड. लवकर गेलं तर दोन-तीनच माणसं असतात आणि पुढे येणारे तुझ्याकडे येतात. हातात पाणी किंवा सरबत असू दे, रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. एका माणसाशी बोल आणि त्याच्या बोलण्यातल्या एका शब्दावरून पुढचा प्रश्न विचार. लक्ष स्वतःकडे वळलं की परत त्याच्या शब्दांकडे आण. हे दहा वेळा करावं लागलं तरी सराव तोच आहे. आणि किमान पाऊण तास थांब. पहिल्या दहा मिनिटांत, धास्ती शिगेला असताना निघून आलीस तर मन शिकतं की सुटका झाली ती पळाल्यामुळे, आणि पुढच्या वेळी पाय जास्त जड होतात. फोनमध्ये तोंड घालून बसणं हेही पळणंच आहे.

एखादी संध्याकाळ खरंच वाईट जाईल. एका संध्याकाळीवरून निकाल लावू नकोस, पाच-सहा झाल्यावर आकडे बघ. पहिल्या दोन वेळांना आकडे फारसे हलत नाहीत, तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

नाही म्हणायचं वाक्य आधी तयार ठेव आणि ते लहान ठेव. 'नको, आज नाही घेत मी.' परत आग्रह झाला तर तेच शब्द, त्याच आवाजात. कारण दिलंस की कारणावर वाद होतो. 'औषध चालू आहे' ही थाप एकदा चालते, पण पुढच्या वेळी नवी शोधावी लागते. आणि अशा थापेने नाही म्हणायचा आत्मविश्वास वाढत नाही, तो तर इथे मुद्दाम वाढवायचा आहे. दारू काय करते ही एक समजूत, आणि 'मला नाही म्हणता येतं' ही दुसरी, स्वतःबद्दलची. दोन्ही मिळून किती पिणं होतं ते ठरतं.

आणखी एक काम, हे सोपं आहे. जिथे जाशील तिथे प्रत्यक्ष मोज: किती जणांच्या हातात दारू नाही, किती जण एकच ग्लास तासभर धरून आहेत. तरुण मुलंमुली बाकीचे किती पितात याचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त बांधतात. पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत हे दाखवलं आणि पुढेही ते वारंवार दिसलं. जास्त प्यायलेला माणूस आवाज करतो, म्हणून लक्षात राहतो. न पिणारा लक्षात राहत नाही.

तीस दिवसांनी आकडे समोर ठेवून ठरव. धास्ती न पिताही उतरत असेल, तर ग्लासाची गरजच बरीचशी संपलेली असेल आणि बरेच जण तिथून पूर्णच सोडतात. माझं मतही त्या बाजूचं आहे. आरोग्याच्या दृष्टीने अमुक प्रमाण सुरक्षित असं सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे घेतलेली भूमिका आहे. मर्यादा ठेवायचीच असेल तर ती घरून निघायच्या आधी ग्रॅममध्ये ठरव. भावाच्या मापाशी तुलना नको: स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे वजन सारखं असलं तरी तितक्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त वाढतं. आणि घाबरलेली असशील त्या दिवशी अजिबात नाही, हा नियम कायमचा.

न पिता जाणं काही केल्या जमतच नसेल, किंवा या धास्तीपायी कामातल्या बैठका, बढत्या, ओळखी तू टाळत असशील, तर ही सामाजिक चिंतेची समस्या आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती साधारण १२ ते १६ भेटींची असते. आधी दारू सुटू दे, मग तिकडे बघू असं थांबायची गरज नाही, दोन्ही एकदम चालतं. मैत्रिणीची चिंतेवरची गोळी मात्र उसनी घेऊ नकोस. तसल्या बऱ्याच गोळ्या आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात आणि एकत्र घेतल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता भाऊ. त्याचा स्वभाव दोन गोष्टींनी बनलेला दिसतो: नव्याची, थराराची ओढ आणि आनंदाच्या भरात लगाम सुटणं. संशोधक या दोन्ही वेगळ्या मोजतात. नुसती थराराची ओढ माणसाला जास्त वेळा प्यायला लावते, पण खरे घोटाळे होतात ते भावनेच्या भरात लगाम सुटतो त्यांच्या बाबतीत. हे फक्त दुःखात नाही, आनंदातही होतं. म्हणून एरवी आठवडेच्या आठवडे न पिणं हा त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा नाही. त्याचा धोका पगाराच्या दिवसात आहे.

'मला काही होत नाही' हे त्याचं वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. दारू कमी जाणवणं हे कवच नाही. मार्क शुकिट यांनी अनेक वर्षं तरुणांचा पाठपुरावा करून दाखवलं आहे की ज्यांना तेवढ्याच दारूचा परिणाम कमी जाणवतो त्यांना पुढे व्यसनाचा धोका जास्त असतो. थांबायची खूण त्यांना वेळेवर मिळत नाही. आणि त्याला 'काही होत नाही' असंही नाही. घरी कसा आलो ते न आठवणं म्हणजे त्या वेळी मेंदूचा आठवणी साठवणारा भाग बंद पडला होता. तो चालत होता, बोलत होता, कदाचित रस्ताही ओलांडला असेल, पण नोंद होत नव्हती. हे बहुतेक वेळा थोड्या वेळात भराभर प्यायल्याने होतं.

त्याची समजूत आहे 'जितकी जास्त तितकी मजा'. प्रत्यक्षात दारूचा उत्साह वाटतो तो रक्तातलं प्रमाण चढत असताना, सुरुवातीच्या टप्प्यात. त्यानंतर आणखी ओतलं तरी मजा वाढत नाही, सुस्ती आणि गोंधळ वाढतो. हे त्याला भाषणातून सांगू नकोस. यकृताचे फोटो थराराची ओढ असलेल्या माणसाला हलवत नाहीत. पार्टीच्या रात्रीही बोलू नकोस आणि दुसऱ्या दिवशी तो डोकं धरून बसलेला असतानाही नाही. एखादी साधी दुपार निवड, आईबाबा नसताना. विचार, 'त्या दिवशी मॅचनंतर सगळ्यात जास्त मजा कधी आली रे? कितव्या ग्लासाला?' बहुधा तो दुसरा किंवा तिसरा म्हणेल. मग, 'पुढचे कशासाठी होते?' आणि गप्प राहा. तुला गप्प राहणं जमतं, इथे ते कामाला येईल. वाद घालू नकोस, त्याने स्वतः उच्चारलेलं एक वाक्य तुझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त टिकेल. आपली नोंद त्याला दाखव, त्याच्याकडे मागू नकोस.

तो तयार झाला तर त्याचे नियम तुझ्यासारखे नसतील. त्याला प्रसंगी विचार करायला जमत नाही, म्हणून विचार आधीच उरकून ठेवायचा, 'जर-तर' च्या रूपात: 'जर कुणी तिसरा भरायला घेतला, तर मी ग्लास पालथा घालून पाणी मागेन.' दोन ग्लासांमधे तासाभराचं अंतर, पोटभर खाऊन सुरुवात, एका घोटात रिकामे करायचे ग्लास नाहीत, सगळ्यांच्या ग्लासांची एकत्र भरणी होते तिथे आपला ग्लास वेगळा. घरी कसं यायचं ते शुद्धीत असताना ठरलेलं. आणि आनंदाच्या दिवसासाठी दारूशिवायचा एखादा थरार आधीच ठरवलेला, कारण जोशाला बाहेर पडायला वाट हवीच असते.

तो पुन्हा कधी तसा घरी आला तर: हाक मारून, खांदा जोरात हलवून जागा होतो का बघ. नाहीच झाला, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असला, दोन श्वासांत १० सेकंद किंवा त्याहून जास्त खंड पडला, ओठ निळे किंवा अंग गार पडलं, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलाव. तोवर कुशीवर झोपव, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नकोस. उलटी करायला लावू नकोस, कॉफी पाजू नकोस. 'झोपू दे, उतरेल' हे वाक्य धोक्याचं आहे: शेवटचा ग्लास संपल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढतच असतं.

आईबाबांना दोन गोष्टी सांग. कुणी दारू सोडवायचं औषध त्याच्या नकळत जेवणात मिसळायला सुचवलं तर अजिबात ऐकू नका. अशा काही औषधांवर दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. ती औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच देतात. आणि दोघांची तुलना थांबवा. तुला 'तुझं बरं, तू कमी पितेस' आणि त्याला 'बहिणीकडे बघ' असं ऐकवलं की दोघंही लपवायला शिकता. विषय निघालाच तर 'किती प्यायलास' ऐवजी 'काय व्हावं म्हणून घेतलीस' असं विचारून बघायला सांग. खरं उत्तर लगेच येणार नाही. दोन-तीनदा, न रागावता विचारावं लागेल.